लष्करी बँडच्या दौऱ्यावर पहिल्यांदा निघताना

मैफलींच्या दौऱ्यावर पहिल्यांदा निघालेले वादक मला हमखास विचारतात, "रोज रियाज किती करायचा?" मी सांगते, घरी करता त्यापेक्षा कमी. संध्याकाळी दोन तासांची मैफल, सकाळी कधी स्मारकापाशी मानवंदना, कधी शाळेत वादन, मधे बसचा प्रवास. ओठ आणि कान संध्याकाळपर्यंत ताजे ठेवायचे, बाकी सगळी शिस्त त्यासाठीच.

सकाळी दहा-पंधरा मिनिटं खालच्या सप्तकातले लांब, हलके स्वर पुरेत. मैफल संपल्यावर ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोनवाल्यांनी पुन्हा पाच मिनिटं तेच करावं, म्हणजे ताठलेले ओठ सैल पडतात. दमलेल्या ओठांवर माउथपीस दाबून वरचा स्वर काढू नका. त्या दाबाची किंमत दुसऱ्या दिवशी मोजावी लागते. एकाच पार्टवर दोघे असाल तर कुठे कोण श्वास घेणार, कुठे कोण थांबणार हे आधीच ठरवून घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही.

माउथपीस, रीड (फुंकल्यावर थरथरणारी वेताची पातळ पट्टी), व्हॉल्व्ह ऑइल पाठीवरच्या बॅगेत ठेवा, सामानाच्या ट्रकमध्ये नको. ट्रक उशिरा पोचू शकतो. चार-पाच रीड घरीच रुळवून घ्या आणि दौऱ्यात आलटून पालटून वापरा.

मी क्लॅरिनेट वाजवते, म्हणून हे कळकळीने सांगते: थंडीत ट्रकमधून उतरवलेलं लाकडी वाद्य लगेच फुंकू नका. आतून तुमचा गरम, दमट श्वास आणि बाहेरून गार लाकूड, अशाने तडा जातो. पेटी उघडून सभागृहात ठेवा, वरचा तुकडा हातात धरून ऊब येऊ द्या, मग हळूहळू सुरुवात करा. वाजवून झाल्यावर आतला ओलावा पुसल्याशिवाय पेटी बंद करायची नाही.

सूर जुळवताना हवामानाचा विचार करावाच लागतो. हवा दहा अंशांनी तापली की ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण सहा मीटरनी वाढतो आणि फुंकवाद्यं चढतात. गणिताने सुमारे तीस सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराचा जवळजवळ तिसरा भाग. ग्लॉकनस्पील या हातोडीने वाजवायच्या वाद्याच्या धातूच्या पट्ट्या मात्र तापल्या की सुरात किंचित उतरतात, आणि त्यांचा सूर तिथल्या तिथे बदलता येत नाही. म्हणून उन्हातल्या कार्यक्रमात आधी ग्लॉकनस्पीलचा स्वर ऐका आणि आपल्या वाद्याचा जोड तेवढा बाहेर ओढा. गार सभागृहात आधी वाद्य श्वासाने तापवा, मगच सेकंदाला ४४० कंपनांचा 'ए' स्वर लावा.

मैदानावर कानांवर फार विसंबू नका. ३४ मीटरवरून निघालेला आवाज तुमच्यापर्यंत यायला सेकंदाचा दहावा भाग घेतो. मिनिटाला १२० पावलांच्या मार्चमध्ये एक पाऊल अर्ध्या सेकंदाचं. लांबच्या ड्रमचं ऐकून वाजवलंत तर मागेच पडाल. नजर ड्रम मेजरच्या, म्हणजे पुढे चालून ताल दाखवणाऱ्याच्या, हातातल्या काठीवर ठेवा. सभागृहात उलट: पोचताच रिकाम्या मंचावर एक टाळी वाजवा आणि ती किती घुमते ते ऐका. फार घुमत असेल तर स्वर तोडून, आखूड वाजवा. खुर्च्या भरल्या की घुमणं थोडं कमी होतं, तेही धरून चाला.

गणवेश बसमधून उतरताच टांगा. पितळी बटणं घासताना खाचेची पातळ पट्टी बटणाखाली सरकवा, नाहीतर पॉलिशचे डाग कापडावर पडतात. परदेशात यजमानांचं राष्ट्रगीत वाजवायचं असेल तर कोणती मांडणी, कोणती लय, हे निघण्यापूर्वीच पक्कं करा. तिथे उभा असलेला प्रत्येक श्रोता ते लहानपणापासून ऐकत आलेला असतो.

मार्चसाठी प्रसिद्ध असलेले अमेरिकन संगीतकार जॉन फिलिप सूसा यांनी १८९१मध्ये अमेरिकेच्या मरीन बँडला देशाच्या दौऱ्यावर नेलं. पुढे स्वतःच्या बँडबरोबर मैफली करताना ते टाळ्या ओसरायच्या आत आणखी एक मार्च सुरू करत. मला ही पद्धत फार आवडते, कारण दौऱ्यातला तुमचा २०वा कार्यक्रम त्या गावासाठी पहिलाच असतो. तुमच्या बँडमध्येही असं होत असेल तर जादा मार्चची पानं फोल्डरमध्ये सर्वांत वर ठेवा आणि शेवटचा स्वर सोडताच तिकडे हात न्या.

मैफलीनंतर आधी तालवाद्यं ट्रकमध्ये चढवायला मदत करा, गप्पा नंतर. निघण्यापूर्वी खुर्च्यांखाली एक नजर टाका. म्यूट (वाद्याचा आवाज दबवणारी बुचं), पेन्सिली, रीडच्या डब्या तिथेच राहतात. बसमध्ये कानात बोळे घालून झोपा.