फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांत सायकलिंग: गाड्या नसलेले रस्ते कसे शोधायचे

बोजोलेला, म्हणजे लिऑन शहराच्या उत्तरेच्या वाइनच्या प्रदेशात, सायकल चालवून आलेल्या लोकांशी बोललं की दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात, एक म्हणतो अरे काय ट्रॅफिक, ट्रक अंगावरून जात होते, दुसरा म्हणतो सकाळपासून चार गाड्या दिसल्या असतील. दोघंही खरंच सांगत असतात, फक्त दोघांच्या रस्त्यांमधे दोनतीन किलोमीटरचं अंतर असतं. त्यामुळे शांत रस्ता मिळणं हा नशिबाचा भाग नाहीये, नकाशा नीट वाचता आला की तो मिळतोच, आणि तेच इथे सांगायचंय. उदाहरण म्हणून बोजोले आणि त्याच्या उत्तरेला लागून असलेला माकों शहराभोवतीचा भाग घेतोय कारण मला तो सगळ्यात जास्त आवडतो आणि मी तिथे परत परत गेलोय.

आधी जमिनीचा आकार डोक्यात बसवा. पूर्वेला सोन नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे लिऑनला जाते, आणि नदीकाठच्या सपाट पट्ट्यात सगळं कोंबलेलं आहे: ए ६ मोटरवे, रेल्वे, आणि जुना नॅशनल हायवे. नदीपासून पश्चिमेला जमीन चढायला लागते, आधी द्राक्षमळे, गामे जातीच्या काळ्या द्राक्षांचे, मग त्यांच्या वर जंगल आणि गुरांची कुरणं, आणि सगळ्यात वर मों सां-रिगो हा डोंगर, हजार मीटरच्या थोडा वर. आता विचार करा, लिऑनहून माकोंला जाणारा माणूस डोंगरात कशाला येईल? तो मोटरवे धरतो. म्हणजे डोंगरातल्या रस्त्यावर उरतात ते तिथेच राहणारे, मळ्यात कामाला जाणारे, पोस्टाची पिवळी गाडी आणि आपण. म्हणून पहिला नियम हा की ज्या रस्त्याने कुणी कुठूनतरी कुठेतरी *पोचत* नाही तो रस्ता निवडा.

आणि असे रस्ते फ्रान्समधे भरपूर आहेत, त्याला कारण आहे. देशात साधारण ३५,००० कम्यून आहेत, म्हणजे ग्रामपंचायतीसारखं सगळ्यात लहान एकक समजा, आणि प्रत्येक कम्यून आपापले छोटे रस्ते सांभाळते. दोनशे घरांचं गाव असलं तरी तिथून शेजारच्या चार गावांना चार डांबरी रस्ते जातात, त्यातला एक मुख्य आणि बाकीचे तीन जवळजवळ रिकामे. आपल्याला ते तीन हवेत.

नकाशावर ते ओळखायचे कसे, तर मिशलँ या कंपनीचा १:१,५०,००० वाला स्थानिक नकाशा घ्या, कागदाचा घ्या, फोनवर एवढा पसारा एका नजरेत दिसत नाही. त्यात लाल रस्ते मोठे, पिवळे मधले, पांढरे छोटे. मी दिवस आखताना पांढरे रस्ते जोडत जातो आणि पिवळे फक्त तुकडा जोडायला वापरतो, लालवर येतो ते तो ओलांडायचा असेल तरच. रस्त्याच्या कडेला हिरवी रेघ असली तर तो निसर्गरम्य म्हणून दाखवलेला असतो, पण लक्षात ठेवा की ती रेघ मोटारवाल्यांनाही दिसते, मोटरसायकलचे ग्रुप रविवारी तिथेच येतात. रस्त्यावर छोटे बाण असतात ते चढाचे, एक बाण ५ ते ९ टक्के, दोन बाण ९ ते १३, तीन म्हणजे १३ च्या वर, आणि बाणाचं टोक चढाच्या दिशेला असतं. हे मला पहिल्या ट्रिपला उलटं वाटलं होतं आणि दिवसाच्या शेवटी थकलेल्या पायांनी दोन बाणांचा चढ समोर आला.

रस्त्यांचे नंबरही बोलतात. डी म्हणजे देपार्तमांचा रस्ता, देपार्तमां म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं समजा, साधारणपणे नंबर लहान तेवढा रस्ता महत्त्वाचा, तीन आकडी नंबर बहुतेकदा छोटे. पण जे जुने नॅशनल हायवे देपार्तमांकडे आले त्यांनाही मोठे नंबर मिळालेत, आणि तिथेच लोक फसतात. नदीकाठचा तो जुना हायवे माकोंच्या सोन-ए-ल्वार देपार्तमांमधे डी ९०६ आहे आणि हद्द ओलांडून दक्षिणेच्या रोन देपार्तमांमधे आला की तोच डी ३०६ होतो. तीन आकडे बघून शांत समजून शिरलात तर पंधरा मिनिटांत बाहेर पडाल. अजून उत्तरेला बर्गंडीत बोन गावाजवळचा डी ९७४ पण तसाच, टाळायचा. तिथे त्याला समांतर बोनपासून सांतनेपर्यंत मळ्यांतून जाणारा सायकलचा मार्ग आहे, पोमार, व्होलने, मर्सो अशी गावं करत जाणारा, तो धरायचा.

आता एक पूर्ण दिवस आखून दाखवतो. बेलव्हिलला रेल्वे स्टेशन आहे, लिऑन-माकों लोकल गाड्या थांबतात, गाडीत सायकल चढवता येते (उन्हाळ्यात काही मार्गांवर सायकलचं रिझर्वेशन लागतं, तेवढं आदल्या दिवशी बघा). गावाच्या कडेने जुन्या रेल्वेमार्गावर केलेला सायकलचा रस्ता सुरू होतो, व्हा व्हर्त म्हणतात त्याला, तो आर्दिएर नदीच्या काठाने बोजू गावापर्यंत नेतो, याच बोजूवरून प्रदेशाला बोजोले नाव पडलं. पाय गरम व्हायला हा भाग उत्तम, चढ जाणवतच नाही. बोजूला ब्रेड, चीज, पाणी भरून घ्या कारण पुढे दुकानं फारशी नाहीत. मग उजवीकडे वर, आव्हनाकडे. इथे मळे संपतात, झाडी सुरू होते, आणि मधल्या एखाद्या वळणावर मागे वळून बघितलं तर खाली सगळे मळे, त्यापलीकडे सोनचं खोरं, आणि हवा स्वच्छ असेल तर लांब आल्प्सची पांढरी रेघ. आव्हनाच्या छोट्या चर्चमधे बाराव्या शतकातली कोरीव दगडी वेदी आहे, पाच मिनिटं काढाच. तिथून उतरून उरू, मग अजून एक खिंड चढून वोरनार, आणि तिथून मस्त लांब उतार थेट फ्लरीच्या मळ्यांत. मग विलिए-मॉर्गों करून परत बेलव्हिल. सगळं मिळून ६० किलोमीटरच्या आसपास, पण ६० आकड्यावर जाऊ नका, दोन मोठे चढ आहेत, थांबत थांबत गेलात तर दिवस जातो आणि जायलाच हवा.

पायात अजून दम असेल किंवा दुसऱ्या दिवशी छोटी फेरी हवी असेल तर मों ब्रुई चढा. ४८४ मीटरचा एकटा उभा डोंगर, चढ छोटा पण खडा, वर द्राक्षांच्या माऊलीचं चॅपल आहे, १८५० च्या दशकात वेलींवर भुरी रोग पसरला तेव्हा त्यापासून रक्षण व्हावं म्हणून बांधलेलं.

गिअरबद्दल एकच सांगतो, हलका गिअर लावा. पुढे ३४ दातांची छोटी चेनरिंग आणि मागे निदान ३२, सामान असेल तर त्याहून मोठं. इथले घाट आल्प्ससारखे लांब नाहीत पण संपला की दुसरा, दुसरा संपला की तिसरा, आणि गावात शिरतानाचे शेवटचे दोनशे मीटर तर नेहमीच खडे. टायर २८ किंवा ३२ मिमी. छोट्या रस्त्यांचं डांबर खडबडीत असतं, आणि उन्हाळ्यात डांबर शिंपडून वर बारीक खडी टाकतात, पाटीवर ग्राव्हियों लिहिलेलं दिसलं की उतारावर वेग आधीच कमी करा, वळणात ब्रेक मारलात तर सायकल हातातून जाते. माझा कोपर तिथेच सोलला होता म्हणून कळकळीने सांगतोय. रूत बारे म्हणजे रस्ता बंद. सां इस्यू म्हणजे पुढे रस्ता नाही, मळ्यातल्या रस्त्यांवर ही पाटी बरीच दिसते.

शांततेचा दुसरा अर्धा भाग वेळेत आहे. वीकडेला सकाळी साडेसात ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते साडेसहा खालच्या पट्ट्यात कामावर जाणारे-येणारे असतात, तेव्हा तुम्ही वर डोंगरात असायला हवं. आणि दुपारी बारा ते दोन! सगळा देश जेवायला बसलेला असतो, मळ्यातले ट्रॅक्टरसुद्धा थांबतात, त्या दोन तासांत पिवळा रस्तासुद्धा पांढऱ्यासारखा रिकामा होतो. मला एखादा नाइलाजाचा मोठा रस्ता करायचा असेल तर मी तो याच वेळेत करतो आणि डबा दोननंतर खातो. मात्र दुकानंही याच वेळेत बंद असतात, आणि बऱ्याच गावात सोमवारी बेकरी पण, त्यामुळे खाणं बाराच्या आत घ्या. पाणी कुठेच नाही मिळालं तर गावाचं कब्रस्तान शोधा, तिथे फुलांसाठी नळ असतो, फक्त नों पोताब्ल लिहिलं असेल तर ते प्यायचं नाही.

सीझन म्हणाल तर मे-जून आणि सप्टेंबरचा शेवट. द्राक्षकाढणी साधारण ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमधे, तेव्हा बघायला सुंदर असतं पण ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि मजुरांच्या व्हॅन सतत ये-जा करतात, पावसानंतर रस्त्यावर चिखल येतो. त्या दिवसांत मळ्यांच्या वरचे जंगलातले रस्ते धरा. आणि ट्रॅक्टर आला की आपण थांबून वाट द्यायची, ते कामावर आहेत, आपण फिरायला आलोय. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी नवी वाइन बाहेर येते, तो आठवडा शांततेसाठी नाही.

नियम थोडक्यात. गावाबाहेर गाडीने तुम्हाला दीड मीटर सोडून ओव्हरटेक करायचं असतं, गावात एक मीटर. कानात इअरफोन चालत नाही, १३५ युरो दंड आहे. रात्री किंवा धुक्यात गावाबाहेर रिफ्लेक्टिव्ह जॅकेट सक्तीचं. उजवीकडून येणाऱ्याला प्राधान्य हा नियम मात्र जिवाचा आहे, गावात उजवीकडच्या एखाद्या बोळातून गाडी सरळ बाहेर येते, न थांबता, आणि नियमाप्रमाणे तिचं बरोबर असतं, त्यामुळे उतारावरून गावात शिरताना हात ब्रेकवरच. दारूची मर्यादा सायकलवाल्यालाही लागू आहे, रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम. वाइन टेस्टिंग करायचंच असेल तर मुक्कामाच्या गावात, सायकल लावून झाल्यावर करा. वाटेत एखादी वाइन आवडली तर बाटलीचा फोटो काढून ठेवा आणि संध्याकाळी शोधा.

चढच नको असं घरातलं कुणी बरोबर असेल तर माकोंजवळून क्लुनीकडे जाणारी व्हा व्हर्त आहे, तिचा क्लुनी ते जिव्री हा ४४ किलोमीटरचा भाग १९९७ मधे सुरू झाला, फ्रान्समधली अशी ती पहिली. तुम्ही सोल्युत्रे आणि व्हर्जिसोंच्या कड्यांखालून पांढऱ्या रस्त्यांनी वळसे घेत या, ते सपाट येतील, आणि क्लुनीला भेटा. त्यांच्या वाटेत ब्वा क्लेअरचा दीड किलोमीटरहून लांब बोगदा लागतो, आत भर उन्हाळ्यात पण गारठा असतो म्हणून जॅकेट वरच ठेवायला सांगा. हिवाळ्यात तो वटवाघळांसाठी बंद ठेवतात, तेव्हा सगळ्यांनाच वरून खिंडीतून जावं लागतं.