"टाके निघाले, मंग वावरात कायले नाही येत?" मेंदूच्या ऑपरेशननंतर घरी होणाऱ्या चुका

पोळा होऊन पंधरा दिवस झाले असतील, तेव्हा बाबांचं डोक्याचं ऑपरेशन झालं. डाव्या कानशिलाच्या आत गाठ होती. मेनिन्जिओमा म्हणतात तिला. मेंदूवरच्या आवरणातून वाढते आणि बहुतेक वेळा कॅन्सरची नसते. नागपूरला ऑपरेशन झालं, आठव्या दिवशी सुट्टी मिळाली, बाराव्या दिवशी टाके निघाले. इकडे सोयाबीन सोंगायला आलं होतं. शेजारचे काकाजी ओट्यावर येऊन बसले अन् म्हणाले, "टाके निघाले न? मंग वावरात कायले नाही येत?"

बाबा गेले. दीड तासानं धुऱ्यावरच्या बाभळीला टेकून बसल्या बसल्या झोपलेले सापडले. पुढचे दोन दिवस खाटेवरून उठले नाहीत, आणि आई म्हणत राहिली की ऑपरेशन बिघडलं.

बिघडलं काहीच नव्हतं, हिशेब आमचा चुकला होता. पुढच्या सहा महिन्यांत आम्ही आणखी बऱ्याच चुका केल्या, काही दुसऱ्यांच्या घरी पाहिल्या. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावापासून नागपूर दीडशे किलोमीटरच्या वर आहे. दर शंकेला तिथं धावता येत नाही, आणि धावायचं तेव्हा उशीर करूनही चालत नाही. म्हणून हे लिहितो आहे.

टाक्यांवरून तब्येत मोजणं

कातडी दहा ते चौदा दिवसांत जुळते. तिच्याखालचं हाड कापून, परत बसवून, टायटॅनियमच्या बारीक पट्ट्या आणि स्क्रूंनी धरलेलं असतं. ते पक्कं व्हायला कित्येक महिने जातात. मेंदूची सूज उतरायला आठवडे लागतात, थकवा तर महिनोन्‌महिने राहू शकतो.

बाबांना कूस बदलताना डोक्यात 'टक' असं वाजायचं. त्यांनी ते आम्हाला तीन आठवडे सांगितलंच नाही, स्क्रू निसटला असं त्यांना वाटत होतं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हाड जुळेपर्यंत असं वाजू शकतं, घाबरू नका. व्रणाच्या वरचा भाग बधिर होता, तिथं पुढं मुंग्या आणि खाज सुरू झाली. चीर देताना कातडीतल्या बारीक नसा कापल्या जातात, त्यामुळे हे होतं. खाज सुटणं हे बऱ्याचदा संवेदना परत येण्याचंच लक्षण असतं. खाजवू मात्र नका, आणि तेल, हळद, चुना, कुणी दिलेला लेप यातलं काहीही व्रणावर लावू नका. डोक्याला दुपट्टा घट्ट आवळून घामेजलेलं राहणंही वाईट. सैल बांधा, रोज धुतलेला वापरा.

कानशिलावरच्या ऑपरेशनमध्ये चावण्याचा स्नायू कापून परत शिवतात, त्यामुळे काही आठवडे तोंड कमी उघडतं. बाबांचं जेमतेम दोन बोटं उघडत होतं आणि आम्ही सगळा दोष ऑपरेशनला देऊन मोकळे झालो. डॉक्टरांनी टॉर्च मारून आत पाहिलं आणि एवढंच विचारलं, "खर्रा किती वर्षांपासून?" वीस वर्षांपासून. गालाची आतली कातडी पांढरी, ताठ झाली होती. म्हणजे निम्मा जबडा त्या सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्यानंच बंद केला होता. तंबाखूनं जखम आणि हाड जुळायलाही उशीर होतो. आमच्याकडं पेशंटला भेटायला येणाराच खिशातून पन्नी काढतो, त्याला दारातच थांबवावं लागतं.

बऱ्या दिवशी सगळी कामं उरकणं

माझ्या मते ही सगळ्यात जास्त होणारी चूक. सकाळी पेशंट ताजातवाना उठतो. मग अंघोळ, दाढी, ग्रामपंचायतीत चक्कर, पाहुण्यांशी गप्पा, सगळं एकाच दिवशी. दुसऱ्या दिवशी डोकं जड, बोलणं अडखळतं, चिडचिड, आणि घरचे घाबरतात.

हा थकवा आळसाचा नाही. पूर्वी आपोआप होणारी कामं आता मेंदूला लक्ष देऊन करावी लागतात. थकायच्या आधी थांबायचं, हे बाबांना पटवायला दिवाळी उजाडली. मग आम्ही ठरवून घेतलं: अंघोळीनंतर अर्धा तास पडायचं, दुपारी झोपायचं, बाहेरचं एकच काम आणि तेही सकाळी. चालणं रोज, पण मारुतीच्या देवळापर्यंत. ते जमलं की पुढच्या आठवड्यात शाळेपर्यंत. दिवसभर खाटेवर निजवून ठेवणंही चुकीचंच. पायातल्या शिरेत रक्त गोठू शकतं, आणि अंगातली ताकदही जाते.

भेटायला येणाऱ्यांबद्दल मी जरा कडू बोलेन. दहा जण एकदम बोलत असले की बाबांना शब्दच सापडत नसत. मेंदूच्या डाव्या बाजूशी बहुतेक लोकांची भाषा जोडलेली असते. बाबांना तांब्या दिसायचा, हात पुढं व्हायचा, आणि तोंडातून निघायचं, "ते... ते पाण्याचं." लगेच चार जण ओरडायचे, "तांब्या! तांब्या!" जणू बाबा बहिरे झाले होते. हळू बोला, एकानंच बोला, दहा सेकंद थांबा. शब्द नाही आला तर खुणेनं चालू द्या. एक वाणी-उपचारतज्ज्ञ भेटल्या. त्यांनी घरी रोज पंधरा मिनिटं करायचा सराव दिला आणि त्याचा उपयोग झाला.

गोळ्यांशी खेळणं

"झटका तं आलाच नाही, मंग गोळी कायले?" गोळी चालू आहे म्हणून झटका (म्हणजे फिट) आला नसेल, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. फेनिटॉइन, लेव्हेटिरॅसिटाम ही झटक्याची औषधं एकदम बंद केली तर त्यामुळेच झटका येऊ शकतो. किती महिने घ्यायची, कशी कमी करायची, हे ऑपरेशन करणाऱ्यांनीच ठरवायचं. गावच्या मेडिकलमध्ये हवी ती गोळी नसते आणि दुकानदार "हेच आहे, फक्त कंपनी वेगळी" म्हणून दुसरं पाकीट देतो. फेनिटॉइनच्या बाबतीत कंपनी बदलली तरी फरक पडू शकतो. डॉक्टरांना फोन करून विचारा. घरात पंधरा दिवसांच्या गोळ्या कायम शिल्लक ठेवा.

दुसरी बाजूही सांगतो. लेव्हेटिरॅसिटामनं काही जण फार चिडचिडे होतात. बाबांनी एकदा भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवून दिलं. जन्मात कधी असं वागले नव्हते. आई कोपऱ्यात रडत होती, आम्ही म्हणत होतो डोकं उघडल्यानं स्वभाव गेला. दीड महिन्यानं ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घातली तेव्हा त्यांनी औषध हळूहळू बदललं. दीड महिना आम्ही लाजेपायी गप्प बसलो होतो. फेनिटॉइनवर तोल जाऊ लागला किंवा हिरड्या फुगल्या, तर तेही सांगायचं.

सूज उतरवायला दिलेलं डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. त्यानं भूक वाढते, झोप उडते, शुगर चढते. डायबेटिस असलेल्यांनी शुगर तपासत राहावी. तेही कागदावर लिहिल्याप्रमाणे कमी कमी करतच थांबवायचं असतं, मध्येच तोडायचं नाही. आणि डोकेदुखीची गोळी मनानं रोज खाऊ नका. काही गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. शिवाय रोजच्या दुखण्याच्या गोळीनंच डोकं दुखायला लागतं, हा घोळ वेगळाच.

कमजोरीवर बाटली

"कमजोरी हाय, दोन बाटल्या लावून टाकू." आमच्याकडं अशक्तपणावर दुसरा उपाय कुणाला सुचत नाही. मेंदूच्या ऑपरेशननंतर काही जणांच्या रक्तातलं सोडियम उतरतं. पेशंट सुस्त पडतो, मळमळतं, बरळतो. वरून ते कमजोरीसारखंच दिसतं. अशा वेळी ग्लुकोजच्या पाण्याची बाटली लावली तर सोडियम आणखी खाली जाऊ शकतं. आधी रक्त तपासायचं. ही तपासणी तालुक्याच्या लॅबमध्येही होते.

खाण्यापिण्याचं थोडक्यात: डाळ, भात, अंडी खाल्ली की जखमेत पू होतो, हे खोटं आहे. जखम भरायला प्रथिनं लागतात, तेव्हा तुरीची डाळ रोज द्या. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथल्यानं डोक्यातला दाब वाढतो. उन्हाळा आला की पाणी कमी पडूनही डोकं दुखतं. आमच्याकडं पारा पंचेचाळीसच्या वर जातो, त्यामुळे अकरा ते पाच घरात.

हळू चालणं आणि मागं फिरणं यात गल्लत

एवढं एक नीट समजलं तर निम्मी धावपळ वाचते. सुधारणा हळू होत असेल, मध्येच दोन दिवस थांबली असेल, तर बहुतेक वेळा वाट पाहायची असते. जमलेलं परत जमेनासं झालं, तर मात्र निघायचं.

डोकेदुखी दिवसागणिक वाढतेय आणि सोबत उलटी आहे. पेशंट जास्त झोपतो, उठवलं तरी नीट उठत नाही. हातापायात नव्यानं अशक्तपणा आला, तोंड वाकडं झालं, बोलणं अचानक बिघडलं. ताप आहे आणि मान ताठ झालीय. जखम लाल झाली, फुगली, तिच्यातून पू येतोय. वाकल्यावर नाकातून किंवा जखमेतून स्वच्छ पाण्यासारखं गळतंय. हे शेवटचं लोक सर्दी म्हणून सोडून देतात, पण ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं आणि त्या वाटेनं जंतू आत जातात. एका पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा अचानक दम लागणं. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यातलं जुनं गोठलेलं रक्त भोक पाडून काढलं असेल, तर ते काही आठवड्यांत परत साठू शकतं. "वय झालं, म्हणून झोपते" असं म्हणत राहू नका. हाड काढून ठेवलं असेल तर तिथं खड्डा दिसणं ठीक आहे, पण तोच भाग घट्ट फुगला तर दवाखाना गाठा. शंट (डोक्यातलं जास्तीचं पाणी बाहेर काढणारी नळी) बसवलेल्याला उलट्या आणि सुस्ती आली तर तीच गोष्ट.

झटका आला तर कुशीवर वळवा, घड्याळ पाहा, तोंडात काही घालू नका. कांदा, चप्पल हुंगवून काही होत नाही. पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८. पाचच्या आत थांबला, तरी ऑपरेशननंतरचा पहिलाच झटका असेल तर त्याच दिवशी दाखवायचं.

गाडी कधी चालवायची हे डॉक्टर सांगतील. ते विचारायचं सगळ्यांच्या लक्षात राहतं. मला जास्त भीती विहिरीची वाटते. कठड्याविना विहीर, रात्रीची मोटर चालू करायला एकट्यानं जाणं, झाडावर चढणं, नाल्यात अंघोळ, हे सगळं तोवर बंद.

कंबरेचं ऑपरेशन झालेल्यांसाठी

माझ्या मामींचं मणक्यातल्या गादीचं ऑपरेशन झालं. पायातली कळ दुसऱ्याच दिवशी गेली, पण अंगठा बधिरच राहिला. गावानं निकाल दिला: नस कापली. दबलेल्या नसेतून साधारण कळ आधी जाते, ताकद त्यानंतर येते आणि बधिरपणा सगळ्यात शेवटी जातो. कधी थोडा राहूनही जातो. नसेतला तुटलेला धागा परत वाढतो तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर. कंबरेपासून पायापर्यंतचं अंतर मोजा म्हणजे महिने का लागतात ते कळेल. मामींची खरी चूक पुढं झाली. दीड महिन्यात कापूस वेचायला गेल्या. कमरेला बांधलेल्या फडक्यात पाच-सात किलो कापूस आणि दिवसभर वाकणं. कळ परत आली. लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी दवाखाना, दुसरा विचार नाही.

कागद आणि वही

गाठीचा तपासणी रिपोर्ट सुट्टीनंतर येतो आणि अनेक जण तो आणायलाच जात नाहीत. पुढचं सगळं त्यावर ठरतं. साधी गाठ निघाली तरी ठरलेल्या वेळी एमआरआय करावा लागतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन झालं असेल तर पुढच्या कोणत्या तपासण्या आणि औषधं त्यात बसतात, हे सुट्टीच्या दिवशीच आरोग्यमित्राला विचारा. पेशंट उदास राहत असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर १४४१६ वर टेली-मानसला फोन करता येतो, तेही मराठीत.

वहीची युक्ती आम्हाला जरा उशिरा सुचली. दर रविवारी तीनच गोष्टी लिहायच्या: शर्टाची बटणं लावायला किती वेळ, चालणं कुठपर्यंत, दुपारची झोप किती. रोज पाहणाऱ्याला फरक दिसत नाही. जानेवारीत डॉक्टरांनी विचारलं, कसं आहे, तर आई म्हणाली, "तसंच आहे जी." वहीत ऑक्टोबरला बटणं सात मिनिटं होती, जानेवारीला दोन.

मार्चपासूनच्या नोंदी बाबांनी स्वतः लिहिल्या आहेत. अक्षर वाकडं आहे, उजवा हात अजून सावकाश चालतो. शेवटच्या रविवारी बटणांपुढं लिहिलंय: "लावली. घड्याळ पाहाचं राहून गेलं."