नवतपात जुनी अ‍ॅम्बेसेडर सांभाळताना

1489 सीसीच्या जुन्या पेट्रोल अ‍ॅम्बेसेडरला नागपूरच्या डिसेंबरातल्या पहाटेपेक्षा मेमधली दुपार जास्त छळते, त्यातही नवतपाची, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतली. पारा 45 च्या वर असताना वर्धा रोडवरून आलेली गाडी सीताबर्डीत दहा मिनिटं उभी केली की पुन्हा सुरूच होत नाही. म्हणून आधी ती नीट बंद करायला शिका.

किल्ली फिरवली की पंखा आणि वॉटर पंप थांबतात, पण तापलेलं लोखंड लगेच थंड होत नाही. ती उष्णता कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) वाटीत आणि इंजिनवरच्या पेट्रोल पंपात चढते. पेट्रोलचे हलके घटक 40 अंशांच्या आसपासच उकळू लागतात, त्यात मिसळलेलं इथेनॉल 78 ला. त्यामुळे थांबल्यावर दोन मिनिटं आयडलवर ठेवा, मग बंद करा आणि दहा मिनिटं बॉनेट उघडं राहू द्या. शेवटी रेस मारू नका, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं. इग्निशनची किल्ली चालू राहिली नाही ना, हेही बघा. पॉइंट (स्पार्कसाठी वीज जोडणारे-तोडणारे दोन संपर्क) जुळलेले असले तर कॉइल जळते.

तरीही गाडी सुरू झाली नाही, तर आधी वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल तर ती ओव्हरफ्लो झाली आहे, म्हणजे इंजिनात जास्त पेट्रोल गेलं आहे. चोक (हवा कमी करून मिश्रणात पेट्रोल वाढवणारी खुंटी) पूर्ण आत, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि सेल्फ मारा. पेडल पंप करू नका, प्रत्येक दाबाला आणखी पेट्रोल आत जातं. वास नसेल तर वेपर लॉक, म्हणजे पेट्रोलची वाफ होऊन वाट अडली आहे. पेट्रोल पंपावर आणि त्याच्या नळीवर ओलं फडकं गुंडाळून पंधरा मिनिटं थांबा. मॅनिफोल्डवर किंवा ब्लॉकवर पाणी ओतू नका, बीड (ओतीव लोखंड) तडकतं. हा त्रास वारंवार होत असेल तर नळी एक्झॉस्टपासून दूर न्या आणि कार्ब्युरेटरखालचा, उष्णता अडवणारा बेकेलाइटचा स्पेसर जागेवर आहे का पाहा. बऱ्याच गाड्यांत तो कधीतरी काढून टाकलेला असतो.

आठवडाभर उभी असलेली गाडी सुरू करताना कार्ब्युरेटरची वाटी कोरडी असते. ऑइल आणि रेडिएटर तपासा, पंपाचा हातलिव्हर 15-20 वेळा मारा. लिव्हर सैल लागला तर पंप कॅमवर (त्याला ढकलणाऱ्या इंजिनातल्या उंचवट्यावर) अडकला आहे. इंजिन एक फेरा फिरवून पुन्हा मारा. हँडल फिरवायचं तर इग्निशन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये आणि अंगठा बोटांच्याच बाजूला, नाहीतर उलटा झटका मनगट मोडतो. थंडीत चोक पूर्ण ओढा, उन्हाळ्यात बहुधा लागत नाही. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये अर्धा मिनिट सोडा. ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद करा.

गाडी मिसिंग करू लागली, म्हणजे मध्येच झटके देऊ लागली, तर पॉइंट बघा. एका पॉइंटवर राखाडी खड्डा आणि समोरच्यावर तेवढंच टोक दिसत असेल तर कंडेन्सरवर (पॉइंटवरची ठिणगी शमवणाऱ्या छोट्या भागावर) संशय घ्या. पॉइंटचं अंतर 0.35 ते 0.40 मिमी, प्लगचं 0.6 मिमी. प्लगचं नाक बिस्किटासारखं तपकिरी हवं. काळी काजळी म्हणजे चोक अडकलेला किंवा मिश्रण गडद (पेट्रोल जास्त), पांढरंफटक म्हणजे पेट्रोल कमी पडतंय.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी अजिबात नको. त्यातला क्षार नळ्यांत बसतो आणि मग व्हरायटी चौकातल्या सिग्नलवर काटा लालमध्ये जातो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे घाला. गरमीत थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकण्याचा सल्ला मिळेल, तो मानू नका. त्याच्याशिवाय इंजिन हिवाळ्यात कायम थंड राहतं आणि झिजतं. ऑइल 20W-50 चालतं. इथेनॉलने रबर फुगून मऊ पडतं, म्हणून पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या आणि दर वर्षी हाताने दाबून बघा.

रोज पाच मिनिटं जागेवर चालू ठेवण्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा 15-20 किलोमीटर फिरवा. जागेवरच्या चालवण्यात ऑइलमधलं पाणी उडत नाही. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला. पावसाळ्यात महिनाभर उभी ठेवायची असेल तर हँडब्रेक सोडून चाकांना लाकडी गुटके लावा. ओल्या हवेत ब्रेकचे शू ड्रमला चिकटतात.