व्हॅलेटा वसंतात: वारा बघून आखायचा दौरा

माल्टाची राजधानी व्हॅलेटा जेमतेम एक किलोमीटर लांब. नकाशात बघितलं की अर्ध्या दिवसात उरकेल असं वाटतं, पण नकाशात चढ दिसत नाहीत. १५६५चा तुर्की वेढा उठला आणि पुढच्याच वर्षी तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या सेंट जॉन या ख्रिस्ती लढाऊ पंथाच्या सरदारांनी हे शहर खडकाच्या उंच सोंडेवर, किल्ला म्हणूनच बांधायला घेतलं. रिपब्लिक स्ट्रीट हा त्या सोंडेचा कणा आहे. त्याच्या दोन्ही बाजूंच्या गल्ल्या थेट पाण्याकडे उतरतात आणि काही तर नुसत्या पायऱ्याच आहेत. बाबागाडी किंवा चाकांची मोठी बॅग घेऊन जाणार असाल, तर मुक्काम या कण्याच्या जवळच घ्या. फरसबंदीचा चुनखडक झिजून गुळगुळीत झालाय आणि पावसाची एक सर आली की घसरतो, म्हणून रबरी तळव्याचे बूट हवेत.

एप्रिल आणि मेचा पहिला पंधरवडा सगळ्यात चांगला. दुपारी साधारण २० अंश, संध्याकाळी वारा अडवणारं जाकीट. पोहण्याचा बेत मात्र सोडून द्या, समुद्र अजून थंडच असतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास पुढे जातात. त्या दिवशी परतीचं विमान असेल, तर आदल्या रात्रीच मोबाइल आणि मनगटी घड्याळ ताडून बघा.

आता वारा. व्हॅलेटाचं मोठं बंदर, म्हणजे ग्रँड हार्बर, त्याचं तोंड ईशान्येला आहे, त्यामुळे ईशान्येचा 'ग्रिगाल' सुटला की लाटा सरळ आत घुसतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तोंडाशी लाटरोधक बांध घातला, तरी जोराच्या ग्रिगालमध्ये छोट्या होड्या थांबतात. आग्नेयेच्या वाऱ्याचं नाव चक्क 'श्लोक'. ऐकायला सात्त्विक, पण येतो तो दमटपणा आणि सहाराची धूळ घेऊन. त्या दिवशी पलीकडचा किनारा पिवळट धुक्यात जातो, फोटो फिके येतात. म्हणून तीन दिवस असतील तर बंदराचा दिवस आधी पक्का करू नका. रोज सकाळी वाऱ्याची दिशा बघा. ग्रिगाल किंवा श्लोक असेल तर चर्च आणि संग्रहालयं, वारा पडला की पाणी.

हवा स्वच्छ असेल त्या दिवसाचा क्रम असा ठेवा. दार उघडताच सेंट जॉन्स को-कॅथेड्रल गाठा. खांदे झाकलेले हवेत आणि बारीक टाचेची पादत्राणं चालत नाहीत, कारण पायाखालची जमीन म्हणजे सरदारांच्या शेकडो संगमरवरी थडग्यांचं नक्षीकाम आहे. रविवारी पर्यटकांना प्रवेश नसतो. आतल्या ओरेटरीत, म्हणजे प्रार्थनेच्या दालनात, इटालियन चित्रकार कारावाज्जोचं सेंट जॉनच्या शिरच्छेदाचं १६०८चं चित्र आहे, पाच मीटरहून रुंद. लोक लांबून फोटो काढून निघतात. तुम्ही खालच्या भागाकडे बघा: सेंट जॉनच्या मानेतून वाहिलेल्या रक्ताच्या थारोळ्यातच चित्रकाराने सही केली आहे. त्याची सही असलेलं हे एकमेव चित्र.

मग अप्पर बराक्का बागेतली ५८ मीटरची लिफ्ट पकडून धक्क्यावर उतरा. समोरच्या गावांना दोन-दोन नावं आहेत आणि इथेच बरेच जण गोंधळतात: बिर्गू म्हणजेच व्हित्तोरिओसा, बोर्मला म्हणजे कॉस्पिकुआ, इस्ला म्हणजे सेंग्लेआ. फेरी बोर्मलाला लागते. तिथून पाण्याच्या कडेने बिर्गूपर्यंत चालत जाता येतं. 'डायसा' ही उंच नाळेची रंगीत होडी मिळाली तर तिनेच जा. पाण्याच्या पातळीवरून तटबंदीची उंची खरी कळते. चढण्याआधी भाडं माणशी की होडीमागे, तेवढं विचारून घ्या. इस्लाच्या टोकावर टेहळणीची छोटी दगडी छत्री आहे, तिच्यावर डोळा आणि कान कोरलेत.

साडेतीनपर्यंत परत वर या. अप्पर बराक्का बागेच्या खालच्या सॅल्यूटिंग बॅटरीची, म्हणजे सलामीच्या तोफखान्याची, तोफ दुपारी १२ आणि ४ वाजता उडते. बहुतेक जण बाराला गर्दी करतात, पण चारची वेळ सरस: ऊन पाठीमागून येतं आणि समोरचा सेंट अँजेलो किल्ला मधाच्या रंगाचा दिसतो. बागेच्या कठड्यावरून हे फुकट बघता येतं, मात्र वीस मिनिटं आधी जागा धरा आणि लहान मुलांचे कान झाका.

गुड फ्रायडेला सरकारी संग्रहालयं बंद असतात, पण गावोगावी मिरवणुका निघतात. ईस्टरच्या सकाळी बिर्गूत पुनरुत्थित ख्रिस्ताची मूर्ती खांद्यावर घेऊन अक्षरशः पळतात. ३१ मार्चला, १९७९ साली ब्रिटिश सैन्य गेलं त्या दिवसाच्या स्मरणार्थ, बंदरात वल्ह्यांच्या होड्यांची शर्यत होते.

भूक लागली की पास्तिझ्झी, म्हणजे पदर सुटलेल्या सारणाच्या पेस्ट्री, घ्या, रिकोटा चीजची किंवा वाटाण्याची. आतलं सारण जीभ भाजेल इतकं गरम असतं. काही ठिकाणी पिठात प्राण्यांची चरबी असते, शाकाहारी असाल तर आधी विचारा.

'युरोपचा' म्हणून मिळणारा दोन गोल पिनांचा अडॅप्टर इथे बसत नाही; ब्रिटिश पद्धतीचा तीन चौकोनी पिनांचा लागतो. आणि पाओला गावातलं हाल साफ्लिएनीचं भूमिगत दफनस्थळ बघायचं असेल, तर विमानाच्या तिकिटाआधी त्याचं तिकीट बघा. एका वेळी फक्त १० जणांना सोडतात आणि वसंतातल्या जागा कित्येक आठवडे आधीच संपतात.