धडपडणाऱ्या मुलाला कसे सांभाळावे

पर्वतीच्या पायऱ्या धावत उतरणाऱ्या आणि सोसायटीच्या पार्किंगमधल्या उतारावरून सायकल सोडून देणाऱ्या मुलाला खरचटणारच, हे आधी मान्य करावे. फुटलेल्या गुडघ्यांवर ओरडण्यात शक्ती न घालवता प्रथम मोठे धोके दूर करावेत: गॅलरीच्या कठड्याजवळ खुर्ची किंवा कुंडी ठेवू नये, खिडक्यांना जाळ्या बसवाव्यात, उंच कपाट भिंतीला पक्के करावे आणि सायकलवर हेल्मेट सक्तीचे करावे. (पुण्यात हा शेवटचा नियम आधी वडिलांना लावावा लागतो.) टेकडीवर मूल खडकावर चढत असेल, तर ‘पडशील’ असे ओरडण्याऐवजी ‘आता पाय कुठे ठेवणार?’ असे विचारावे. दचकलेल्या मुलाचा तोल जातो, विचारात पडलेले मूल पायाखाली पाहते.

जखम झाल्यास ती नळाच्या वाहत्या पाण्याखाली माती निघेपर्यंत धुवावी. रक्त थांबत नसेल तर स्वच्छ कापड सलग 10 मिनिटे दाबून धरावे आणि मधेच उचलून पाहू नये. आजीचा आग्रह असला तरी खोल जखमेत हळद किंवा कॉफीची पूड भरू नये, कारण टाके घालण्यापूर्वी डॉक्टरांना ती सगळी काढावी लागते. पाय मुरगळल्यास चोळू नये. फडक्यात गुंडाळलेला बर्फ 15 ते 20 मिनिटे धरावा आणि पाय टेकवतच नसेल तर एक्स-रे काढून घ्यावा.

डोक्याच्या माराबाबत मात्र ढिलाई नको. मूल क्षणभरही बेशुद्ध पडले, पुन्हापुन्हा उलट्या झाल्या, झटका आला, नाकाकानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव आला, अथवा उठवूनही नीट जागे होत नसेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. वाहन नसल्यास 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. कायमचा दात मुळासकट निघाल्यास तो मुळाशी न धरता वरच्या भागाला धरून दुधात ठेवावा आणि तासाभराच्या आत दंतवैद्यांकडे पोहोचावे. दुधाचा दात परत बसवत नाहीत.

दर वेळी धनुर्वाताचे इंजेक्शन लागतेच असे नाही. राष्ट्रीय लसीकरणात 5 ते 6 व्या वर्षी, नंतर 10 व्या आणि 16 व्या वर्षी मात्रा दिली जाते. त्यामुळे लसीच्या कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवून तो डॉक्टरांना दाखवावा.