ग्वार (GWAR) या अमेरिकन मेटल बँडच्या शोला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचून जा

पांढरा टीशर्ट घाला. हो, पांढराच. मेटलचा शो म्हणून काळा घातलात तर अर्धी मजा गेली, कारण हे लोक गाणी चालू असताना पब्लिकवर खोट्या रक्ताचे फवारे मारतात आणि तो रंगलेला टीशर्ट फॅन लोक वर्षानुवर्षं जपून ठेवतात. जुने बूट, इअरप्लग, मोबाईल झिपवाल्या पिशवीत. भिजायचं नसेल तर मागे साउंडवाल्याजवळ उभे राहा, पण मग जाताय कशाला. आणि आईबाबा भारतातून आलेत म्हणून त्यांना नेऊ नका प्लीज, स्टेजवर जे काही चालतं ते बघून दोन दिवस घरात कोणी बोलणार नाही.

थोडी स्टोरी माहीत असलेली बरी. १९८४ साली व्हर्जिनियातल्या रिचमंडला, दुधाच्या एका जुन्या बंद कारखान्यात ही भानगड सुरू झाली. हंटर जॅक्सन तिथे एका सिनेमासाठी परग्रहावरच्या लोकांचे कॉस्च्युम बनवत होता, डेव्ह ब्रॉकीचा डेथ पिगी नावाचा पंक बँड होता, तर त्यांनी ते कॉस्च्युम चढवून आपल्याच शोआधी एक आचरट ओपनिंग बँड उभा केला. झालं काय, लोक ती गंमत बघून घरी जायला लागले आणि डेथ पिगी वाजवायला आला की हॉल रिकामा. मग गंमतच खरा बँड झाली.

ऐकायला सुरुवात १९९०च्या 'स्कमडॉग्स ऑफ द युनिव्हर्स'पासून करा, १९८८चा पहिला अल्बम फारच कच्चा वाटतो. पण खरं सांगू, नुसती गाणी ऐकून काही कळत नाही, स्टेजवर कोणीतरी पुढाऱ्याच्या सोंगात येतो, भाषण ठोकतो, तलवार फिरते, मुंडकं खाली आणि धडातून लाल कारंजं थेट तुमच्या तोंडावर. अमेरिकेचा प्रेसिडेंट कुठल्याही पक्षाचा असो, सुट्टी नाही. म्हणून जायच्या आधी बातम्या चाळून जा, जोक लागतात.

ब्रॉकी २०१४मध्ये वारला. तो स्टेजवर ओडेरस नावाचं पात्र करायचा, त्याचा कॉस्च्युम फॅन लोकांसमोर तळ्यावर जाळून निरोप दिला, आणि दुसऱ्या कोणाला ओडेरस न करता ब्लोथार हे नवीनच पात्र आणलं. तो करतो मायकल बिशप, बँडचाच जुना बेसिस्ट, संगीतात पीएचडी केलेला माणूस. आधीचाच भारी होता म्हणणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका.

परत येताना उबर बोलवायची असेल तर आधी टीशर्ट बदला, नाहीतर ड्रायव्हर तुम्हाला बघून न थांबता पुढे जाईल.