जुना लॅपटॉप आणि मागे गेलेली तारीख

वापरलेला लॅपटॉप घेतला, एसएसडी (फाइल साठवणारी वेगवान ड्राइव्ह) बसवली, विंडोज नव्याने टाकलं. मशीन झकास पळू लागलं. पण दुसऱ्या दिवशी एकही वेबसाइट धड उघडेना. जिथे जावं तिथे 'कनेक्शन सुरक्षित नाही'. राउटर बंद-चालू केला, ब्राउझर बदलला, अख्खी संध्याकाळ त्यात गेली. मग कोपऱ्यातल्या तारखेकडे लक्ष गेलं: १ जानेवारी २०१२! वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते, आणि या लॅपटॉपच्या लेखी ती अजून सुरूच झाली नव्हती.

मदरबोर्डवरचा घड्याळाचा सेल संपला होता. मुख्य बॅटरीही चार्ज धरत नव्हती, म्हणून चार्जर काढला की तारीख गेलीच. आधी चार्जर आणि बॅटरी काढली, मग झाकण उघडलं. आत नाण्याएवढा सीआर२०३२ प्रकारचा सेल, पिवळ्या वेष्टनात, दोन बारीक वायरींसकट. मल्टिमीटरवर ३ व्होल्टऐवजी जेमतेम १.९.

नवा सेल वायरवालाच आणि तशाच प्लगचा घ्या. सुट्या सेलला वायरी जोडण्यासाठी घरी डाग (सोल्डरिंग) द्यायला कृपा करून जाऊ नका; तापला की तो फुटू शकतो.

झाकण उघडं होतंच, पंख्यातली धूळही ब्रशने काढली. नवा सेल बसवून बायोसमध्ये (विंडोजआधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) तारीख लावली, आणि सगळ्या वेबसाइट उघडल्या.